रोज तेच जॅकेट? लोक काय म्हणतील?

प्रश्न: ताई, मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि मास्टर्ससाठी जर्मनीत आखेनला आले, त्याला आता वर्ष होत आलं. अभ्यास जमतोय. अडलंय ते कपड्यांवर, आणि हे कुणाला सांगायचीही लाज वाटते. आईनं बॅगेत पंजाबी ड्रेस, दोन साड्या आणि एक जाडजूड स्वेटर कोंबून दिला होता. इथं बघावं तो काळ्या, करड्या नाहीतर गडद निळ्या कपड्यांत. रोज तेच जॅकेट. इस्त्रीचा पत्ता नाही. मी जांभळा ड्रेस घालून गेले तर वर्गातल्या मुलीनं विचारलं, आज तुमचा सण आहे का? पहिल्या आठवड्यात तर अर्ध्या चड्डीतल्या, मोज्यांवर सँडल घातलेल्या एका माणसाला मी लॅबचा शिपाई समजले आणि खोलीची किल्ली मागितली. ते आमचे प्राध्यापक निघाले. पुण्याची रूममेट मला काकूबाई म्हणते. शेवटी जीन्समधला फोटो स्टेटसला ठेवला, तर आत्याचा आईला फोन: पोरगी हाताबाहेर गेली, कपाळावर टिकलीसुद्धा नाही! आणि आई रोज व्हिडिओ कॉलवर, ‘परत तेच जॅकेट? लोक काय म्हणतील?’ मी किती बदलायचं? आणि आईला काय सांगायचं?

उत्तर:

बाळ,

किल्ली मागितल्यावर ते सर काय म्हणाले, हे तू लिहिलंच नाहीस. माझा अंदाज, शोधून दिली असणार. आपण प्राध्यापक ‘दिसलो’ नाही याचं तिकडे कुणी फारसं मनाला लावून घेत नाही. पण त्याच सरांना मेल लिहिताना नावाआधी ‘प्रोफेसर’ लावायला विसरलीस तर ते खटकू शकतं. तिथं मान अंगावर दिसत नाही, तो हाकेत असतो आणि दारावरच्या पाटीवर असतो. डॉक्टरेट केलेली माणसं घराच्या बेलशेजारच्या नावातही ती लावतात. तेव्हा अर्धी चड्डी बघून ‘इथं सगळंच चालतं’ असं समजू नकोस. चड्डी चालते, अरे-तुरे चालत नाही.

तुझा घोटाळा कुठून झाला ते मला कळतं, कारण आपण दोघी एकाच बाजारात वाढलो. बेळगावच्या गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात एखाद्या कापड दुकानाच्या पायरीशी उभी राहा आणि दुकानदाराकडे बघ. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याचं ठरलेलं असतं, ‘या ताई’ म्हणायचं की कन्नडमधून ‘बर्री अक्का’. काय बघतो तो? पदर डोक्यावर आहे का खांद्यावर, टोपी कसली, धोतर कसं नेसलंय, पायात काय आहे. माणूस कुठल्या अंगाचा, शेतकरी की नोकरदार, लग्नाचा बस्ता बांधायला आलाय की नुसता भाव विचारायला, हे सगळं तो कपड्यावरून वाचतो. चुकतोही. इरकल आणि खणाची चोळी गोकाककडच्या अक्काच्याही अंगावर असते आणि आपल्याकडच्या आजीच्याही. मग ‘बर्री अक्का’ म्हटल्यावर आजी ठसक्यात म्हणते, ‘मराठीत बोल की!’

तुझा डोळा या बाजारात तयार झालाय. चांगला तयार झालाय, त्याला नावं ठेवू नकोस. फक्त आखेनच्या रस्त्यावर तो डोळा जे वाचतो ते तिथं लिहिलेलंच नसतं. आपल्याकडे कपडा सांगतो की हा माणूस कुणाचा कोण आणि आज कुठे निघालाय. तिथं रोजच्या कपड्यावरून कळतं ते एवढंच, की सकाळी त्यानं मोबाईलवर हवामान बघितलं होतं. हा फरक एकदा ध्यानात आला की तुला टोचणाऱ्या निम्म्या गोष्टी बोथट होतील.

आता जॅकेटकडे येऊ, कारण आईचं दुखणं तेच आहे. आखेन बेल्जियम आणि नेदरलँड्सला टेकलेलं आहे. तिन्ही देशांच्या हद्दी मिळतात ती टेकडी गावाला लागूनच आहे. (सीमाभागातून उठलीस ती सीमाभागातच जाऊन पडलीस! तिथं पलीकडच्या बसला कुणी काळं फासत नाही, एवढाच फरक.) पश्चिमेकडून समुद्रावरची ओली हवा येते आणि दिवसातून कधीही भुरभुर सुरू होते. अशा पावसात छत्री वाऱ्यानं उलटते, सायकलवर तर ती धरताच येत नाही. म्हणून टोपी जोडलेलं, पाणी आत न घेणारं एक जॅकेट दाराजवळच्या खुंटीला टांगलेलं असतं, आणि बाहेर पडताना हात आपोआप त्याच्याकडे जातो.

हे तुझ्या आईला नवं वाटायचं कारणच नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात रोप लावायला छत्री घेऊन कोण उतरतं? पूर्वी बायका पाठीवर इरलं घ्यायच्या आणि पुरुष कांबळ्याची खोळ. सूत भिजलं की अंगाला चिकटतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर भिजली तरी ऊब धरून राहते. तुझ्या आजोबांना कधी कुणी विचारलं का, ‘काय हो, काल पण हेच कांबळं होतं’? तुझं जॅकेट म्हणजे चेन लावलेलं कांबळं आहे, असं आईला सांग. तिला एका वाक्यात पटेल.

तरी तिचा खरा संशय स्वच्छतेचा आहे, तोही फेडून टाक. आत अंगाला लागणारा टीशर्ट रोज धुतलेला, वर जॅकेट महिनाभर तेच, अशी तिथली रीत आहे. आपल्याकडे वरचा कपडा रोज बदलतो, कारण घामानं तोच भिजतो. तिथं थंडीचे महिने मोठे, घाम कमी, आणि वसतिगृहातलं मशीन पैसे भरून, नंबर लावून मिळतं. रोज जॅकेट धुवायला बसलीस तर धुण्यातच मास्टर्स होईल. आपले रंगीत सुती ड्रेस मात्र पहिल्या एक-दोन वेळा बादलीत वेगळे धू. नाहीतर रूममेटचे पांढरे टॉवेल गुलाबी होतील आणि मग काकूबाईच्या पुढचा शब्द ऐकावा लागेल. लोकरीचं काहीही गरम पाण्यात किंवा ड्रायरमध्ये घालू नकोस. बाहेर काढशील तेव्हा ते भाचीला बसेल.

आईनं दिलेला स्वेटर. बिचारीनं मायेनं दिला, पण तो तिथं कुचकामी आहे, आणि कारण समजून घे. बाहेर शून्याच्या आसपास आणि वर्गात हीटर लावून वीस अंश. असा जाड स्वेटर घालून बसलीस की वर्गात उकडतं, आणि आत नुसती स्लिप असेल तर काढताही येत नाही. म्हणून तिथली मुलं पातळ-पातळ तीन थर घालतात: आत अंगाला घट्ट, मध्ये लोकरीचं किंवा फ्लीसचं, वर वारा-पाणी अडवणारं. दार उघडलं की एक थर चढतो, मिटलं की उतरतो. एवढं जमलं की थंडीचं भांडण मिटलं.

काळ्या रंगाचं तू लिहिलंस ते वाचून मला हसू आलं. बेळगावच्या माणसाला काळे कपडे एका ठराविक तारखेला आठवतात. १९५६ साली १ नोव्हेंबरला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, आणि त्या तारखेला आपल्याकडे काळा दिवस पाळतात: काळे कपडे, दंडाला काळी फीत, सायकल फेरी. त्याच दिवशी त्याच रस्त्यावरून लाल-पिवळे झेंडे घेतलेली कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूकही जाते. रंगाचा एवढा अर्थ लागणाऱ्या गावातून तू अशा गावात गेलीस जिथं काळा रंग म्हणजे फक्त डाग न दिसणारा आणि कशावरही चालणारा रंग. त्यांना दुःख नाही, निषेधही नाही. गंमत म्हणजे १ नोव्हेंबरला तुझ्या त्या जर्मनीतल्या राज्यातही सुट्टी असते, सर्व संतांचा दिवस म्हणून. लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं आणि दिवे ठेवून येतात.

आणि ही माणसं रंगाला घाबरतात असंही समजू नकोस. तुझं गाव ऱ्हाइनकडच्या कार्निव्हलच्या पट्ट्यात येतं. ११ नोव्हेंबरला अकरा वाजून अकरा मिनिटांनी तो मोसम सुरू होतो, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ लागण्याआधीच्या गुरुवारी बायका कात्री घेऊन पुरुषांचे टाय कापत हिंडतात. बँकेतला साहेबही त्या दिवशी मुद्दाम जुना टाय घालून येतो. पुढच्या सोमवारी मिरवणुका निघतात. वर्षभर करड्या कपड्यांत दिसलेला तुझा शेजारी त्या दिवशी मधमाशी होऊन रस्त्यावर नाचत असेल. म्हणजे रंगाला त्यांनी दिवस नेमून दिलाय. म्हणूनच त्या मुलीनं तुला विचारलं, आज सण आहे का. तिच्या हिशेबात जांभळा म्हणजे सण. तो टोमणा नव्हता गं. पुढच्या वेळी हसून सांग, ‘नाही, आमच्याकडे मंगळवारीसुद्धा हेच घालतात.’ बहुधा ती कापडाला हात लावून बघेल आणि कुठून आणलं विचारेल.

एका गोष्टीत मात्र माझं मत ठाम आहे. कार्निव्हलला कुणी ‘तुझी साडी दे, मी इंडियन बनते’ म्हणून मागितली तर द्यायची की नाही ते तुझं तू ठरव, पण इरकल देऊ नकोस. बिअर सांडलेली इरकल मी धुवून देणार नाही.

लॅबच्या कपड्याला तर चर्चाच नाही. तू मेकॅनिकलची. उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवाल्याला विचार, फिरत्या चकजवळ ओढणी, सैल बाही किंवा मोकळी वेणी घेऊन गेलं की काय होतं. लॅबमध्ये पूर्ण पँट, बंद बूट, केस बांधलेले. तिथं ड्रेस घालण्याचा हट्ट धरलास तर तो संस्कृतीचा नसेल, आडमुठेपणाचा असेल. पार्टटाइम नोकरीच्या मुलाखतीला स्वच्छ गडद पँट आणि साधा शर्ट बहुतेक इंजिनिअरिंग कंपन्यांत पुरतो. आपल्याकडच्या कॅम्पस इंटरव्ह्यूसारखा कोट-टायचा थाट तिथल्या वर्कशॉपमध्ये उगाच उठून दिसेल.

हिवाळ्यातली आणखी एक गोष्ट, जी तुझ्या पत्रात नाही पण मला काळजी वाटते ती. डिसेंबरात तिकडे साडेचारला सूर्य मावळतो. काळं जॅकेट, काळी पँट आणि अंधारात सायकल, हे कॉम्बिनेशन मोटारवाल्याला दिसत नाही. लायब्ररीतून परतताना अंगावर चमकणारा पट्टा किंवा बनियनसारखं पिवळं जॅकेट चढव. इथं तू वेगळी दिसलीच पाहिजेस.

आता पैशाचं. नवं चांगलं जॅकेट महाग असतं, आणि तू बहुधा बाबांचा विचार करून टाळत असशील. तिथं वापरलेले कपडे विकत घ्यायला कुणी लाजत नाही. रविवारचे जुन्या वस्तूंचे बाजार, सेकंडहँड दुकानं, निघून जाणारे सीनियर, सगळीकडे उत्तम जॅकेटं मिळतात. आपल्याकडे जुना कपडा बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं, पण परक्याचं उतरलेलं अंगावर घालायचं नाही, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. घे, धुवून वापर आणि आईला सांगू नकोस. काही गोष्टी नाही सांगितल्या म्हणून प्रेम कमी होत नाही. बूट तेवढे नवे घे, कारण दुसऱ्याच्या पायानं दबलेला बूट तुझा पाय दुखवेल. आणि मोजे बिनभोकाचे ठेव, कारण अनेक घरांत तिकडेही दारातच बूट काढतात आणि प्रोफेसरांच्या बायकोसमोर अंगठा बाहेर आला की फार वाईट दिसतं.

चपलेवरून आठवलं. तू अथणीची किंवा निपाणीची कोल्हापुरी नेली असशील तर उन्हाळ्यात खुशाल घाल, पावसात नको. भिजलं की तळ फुगतो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे चारही त्यात आले. सीमाप्रश्न चपलेनं परस्पर सोडवला म्हणायचा. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशाच चपला मॉडेलच्या पायात घातल्या, आणि आपल्याकडून ओरड झाल्यावर त्या कोल्हापुरीवरून घेतल्याचं मान्य केलं. त्याच पायताणावरून रूममेट तुला गावठी म्हणत असेल, तर ती बातमी तिला फॉरवर्ड कर आणि गप्प बस.

त्या रूममेटबद्दल चार शब्द. ती वाईट नाही. तिनंही हा सगळा गोंधळ अनुभवलेला असणार, फक्त तिनं एका रात्रीत सगळं बदलून टाकून तो संपवला. आता तू पंजाबी ड्रेसमध्ये समोर आलीस की तिला आपलं जुनं स्वरूप दिसतं, म्हणून ती टोचते. तिनं तोकडे कपडे घालावेत की नाही, हा तिचा प्रश्न. उन्हाळ्यात लाउसबर्ग टेकडीच्या हिरवळीवर सगळे अर्धे उघडे होऊन उन्हात पडतात, तेही तू बघितलं असशील. वर्षातले सात-आठ महिने गुंडाळून घेतलेल्या माणसाला ऊन लागलं की असंच होणार. त्यांच्याकडे कुणी टक लावून बघत नाही, तूही बघू नकोस. आणि तू पूर्ण बाह्यांत बसलीस तर तुझ्याकडेही कुणी बघणार नाही. सौनाला, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, चल म्हणून कुणी बोलावलं तर आधीच ऐकून ठेव, तिथं बहुतेक ठिकाणी बायका-पुरुष एकत्र आणि बिनकपड्यांचे बसतात. ‘मला नको’ म्हटलं की तेवढ्यावर विषय संपतो. (हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नकोस.)

राहिल्या आत्याबाई. त्यांना उत्तर देऊ नकोस, त्यांना उत्तर नकोच असतं, विषय हवा असतो. पण तुझ्या मनात त्यांचं बोलणं रुतलंय म्हणून सांगते. तुझ्या पणजीनं नऊवारी सोडली नसेल. आजीनं कदाचित सोडली, तेव्हा वाड्यात कुजबुज झालीच असणार. आईनं लग्नानंतर पंजाबी ड्रेस घालायला घेतला तेव्हाही कुणीतरी तोंड वाकडं केलं असेल, आणि आज तोच ड्रेस ‘आपली संस्कृती’ म्हणून तुझ्या बॅगेत आला. पंजाब खानापूरपासून किती लांब आहे ते नकाशात बघ. आणि सकाळी टिळकवाडीत दूध आणायला निघालेल्या बायका बघ: अंगात गाऊन, वरून टॉवेल किंवा ओढणी घेतलेली. गाऊन म्हणजे मुळात रात्री झोपायचा कपडा. तो घालून आपण दुकानात जातो, भाजीवाल्याशी हुज्जत घालतो, आणि मग घरी येऊन जर्मनीतल्या पोरीच्या जीन्सवर बोलतो!

टिकलीचं तुझं तू ठरव. लावाविशी वाटली तर लाव, त्यासाठी कुणाला कारण द्यावं लागत नाही. नाही वाटली तर नको, पण आत्याच्या भीतीनं फोटोपुरती चिकटवू नकोस. व्हिडिओ कॉलच्या आधी आरशासमोर धावत टिकली शोधणाऱ्या मुली मला माहीत आहेत. आयांना ते कळतं. टिकली वाकडी बसलेली असते.

किती बदलायचं, हा तुझा मुख्य प्रश्न. पाऊस, थंडी, मशीन आणि अंधार सांगतील ते सगळं बदल, आणि लगेच बदल. तिथं भावनेला जागा नाही. माणसं सांगतील तेव्हा मात्र थांबून बघ, कोण सांगतंय आणि त्यात त्याचं काय अडलंय. रूममेटचं आणि आत्याचं म्हणणं उलट दिशेचं असलं तरी दोघींना तुझ्या कपड्यातून स्वतःचंच काहीतरी सिद्ध करायचंय. आई तशी नाही. तिला फक्त भीती वाटते की लेक तिकडे गारठतेय, पैसे वाचवतेय, नीट खात नाहीये आणि सांगत नाहीये. ‘तेच जॅकेट?’ याचा अर्थ बहुधा एवढाच असतो. तिला एकदा खोलीतलं कपाट कॅमेऱ्यातून दाखव. धुतलेल्या टीशर्टची चळत दाखव, थर्मल दाखव, हीटरला हात लावून दाखव. पुढच्या कॉलला ती जॅकेटवरून जेवणावर येईल.

साड्यांतली एक परत आण, एक ठेव. दिवाळीला भारतीय मुलं जमतात, पदवीचा दिवस येईल, तेव्हा लागेल. पण भारताचं प्रदर्शन मांडायची जबाबदारी तुझ्यावर नाही. दर कार्यक्रमाला ‘तुम्ही साडी नेसून या ना’ म्हणणाऱ्या आयोजकांना एखाद वेळी नाही म्हण.

आणि सुट्टीत घरी आलीस की तयार ड्रेस विकत घेत बसू नकोस. तिथं पँटची उंची कमी करायला जेवढे पैसे जातात तेवढ्यात आपला शिंपी आख्खा कुडता शिवून देतो. दोन-तीन सुती कुडते आणि गुळेदगुड्डच्या खणाचं एक बिनबाह्यांचं जाकीट शिवून घे. कुडत्याची उंची गुडघ्याच्या वर ठेव, म्हणजे सायकलच्या चेनमध्ये अडकणार नाही. बाही अरुंद, म्हणजे जॅकेटात गोळा होणार नाही. दोन्ही बाजूंना खोल खिसे, मोबाईल मावेल असे. शिंपी ‘बायकांच्या कुडत्याला कशाला खिसे’ म्हणेल, त्याचं ऐकू नकोस. कापड आधी भिजवून दे. आणि शिवणीत दोन बोटं माया सोडायला सांग, ब्रेड-चीजवर राहून वजन वाढतं.